शस्त्रक्रियेनंतरची दहा वर्षं कुणाच्या खात्यात?

नागपुरात कॉक्लिअर इम्प्लांटची बातमी येते ती ठरलेल्या साच्यात. आईच्या मांडीवर बाळ, डोक्याला पट्टी, शेजारी डॉक्टरांची चमू आणि वर मथळा: जन्मतः बहिऱ्या चिमुकल्याला मिळाली श्रवणशक्ती. शस्त्रक्रिया नाजूक असते आणि करणारे कौतुकाला पात्रच असतात. पण फोटो निघतो त्या दिवशी त्या बाळाला काहीही ऐकू येत नसतं. जखम भरायला तीन-चार आठवडे जातात, मग यंत्राचा बाहेरचा भाग, म्हणजे प्रोसेसर, पहिल्यांदा चालू होतो. त्यानंतर आवाजाकडे लक्ष द्यायला महिने लागतात आणि बोलायला वर्षं. सरकारी पैसा मात्र जवळजवळ सगळा त्या पहिल्या दिवसावर खर्च होतो. माझं स्पष्ट मत आहे की इम्प्लांटला पैसे देणाऱ्या प्रत्येक योजनेनं पुढच्या किमान दहा वर्षांची देखभाल त्याच मंजुरीत धरली पाहिजे. आणि यशाचा आकडा शस्त्रक्रियांच्या रजिस्टरातून काढणं थांबवून तिसऱ्या वर्षी किती मुलं दिवसभर यंत्र लावून आहेत, यावरून काढला पाहिजे.

यंत्राचे दोन भाग असतात. कानामागच्या हाडावर, त्वचेखाली बसवलेला रिसीव्हर आणि त्यातून निघून आतल्या कानातल्या शंखासारख्या कॉक्लिआच्या वेटोळ्यात शिरणारी इलेक्ट्रोडची बारीक तार हा आतला भाग. कंपनीप्रमाणे त्या तारेवर १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड असतात. बाहेर कानावर प्रोसेसर, त्यात मायक्रोफोन आणि बॅटरी, आणि केबलच्या टोकाला चुंबकानं डोक्याला चिकटणारी कॉइल. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी साडेतीन हजारांच्या घरात असतात. त्यांचं काम इथं दहा-वीस ठिकाणांहून विजेचे ठोके देऊन भागवायचं असतं. त्यामुळे यंत्रातून मिळणारा आवाज मेंदूला शिकावाच लागतो. आतला भाग दशकानुदशकं टिकू शकतो. बाहेरचा भाग धुळीत, घामात आणि दोन वर्षांच्या पोराच्या हातात दिवस काढतो, आणि नेमकी त्याचीच जबाबदारी कुणावर आहे ते कागदावर धड लिहिलेलं नसतं.

संशोधन काय सांगतं ते बघू. २०१० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात जॉन निपार्को आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. अमेरिकेतली सहा केंद्रं, १८८ मुलं, तीन वर्षांचा पाठपुरावा. दीड वर्षाच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांची भाषा सर्वांत चांगली वाढली, ही गोष्ट सगळेच सांगतात. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. आई-वडील मुलाशी जितके जास्त आणि जितके नीट बोलत, तितकी त्याची भाषा पुढे जाई, आणि घरच्या आर्थिक स्थितीचाही तसाच फरक पडे. म्हणजे एकाच वयात, तितक्याच कौशल्यानं बसवलेलं यंत्र दोन घरांत दोन वेगळे निकाल देतं. ऑस्ट्रेलियात तेरेसा चिंग यांच्या गटानं शेकडो मुलांचा पाच वर्षांच्या वयापर्यंत माग ठेवला. तिथंही लवकर मशीन (कानामागे लावायचं साधं श्रवणयंत्र), लवकर इम्प्लांट आणि आईचं शिक्षण या तिन्ही गोष्टी ठळक दिसल्या. अनू शर्मा यांनी २००२ मध्ये मेंदूच्या श्रवणकेंद्राचा विद्युत प्रतिसाद मोजून दाखवलं, की साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांत तो वयाला साजेसा होतो आणि सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्या बहुतेकांत होत नाही. वेळ निघून गेली की कितीही महागडा प्रोसेसर ती भरून काढत नाही.

सुरुवातीलाच वेळ कशी जाते ते बघा. जगभर मानला जाणारा दंडक आहे १-३-६ असा: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत मशीन आणि थेरपी सुरू. चाळणीची ओएई तपासणी आतल्या कानाचा प्रतिसाद टिपते आणि काही मिनिटांची असते. बाळ झोपलेलं असावं, खोली शांत असावी, इतकंच. जन्मानंतर पहिल्या दिवशी कानात चिकट द्रव असतो, त्यामुळे पुष्कळ बाळं ‘रेफर’ येतात, म्हणजे पास होत नाहीत, आणि पुन्हा तपासावी लागतात. इथंच साखळी तुटते. बाळंतीण माहेरी असते, सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, मग सासरी जाते आणि ती दुसरी तपासणी राहूनच जाते. याला उपाय साधा आहे. दीड महिन्याची लस द्यायला बाळ येतंच, त्याच दिवशी त्याच ठिकाणी ओएई पुन्हा करायची. नागपुरातल्या डागा, मेडिकल, मेयो अशा जास्त प्रसूती होणाऱ्या सरकारी रुग्णालयांत लसीच्या कार्डावरच कानाचा एक रकाना छापला तर लस देणाऱ्या परिचारिकेच्या (एएनएम) नजरेतून तो सुटणार नाही. एक सावधगिरी मात्र हवी. नवजात अतिदक्षता विभागात (एनआयसीयू) पाच दिवसांहून जास्त राहिलेलं, काविळीत रक्त बदलावं लागलेलं किंवा जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं झालेलं बाळ ओएईत पास झालं तरी त्याची बेरा, म्हणजे श्रवणनसेचा प्रतिसाद मोजणारी तपासणी, झालीच पाहिजे. अशा बाळांत कानाचा आतला भाग ठीक आणि नसेचा संदेश विस्कळीत, असा दोष असू शकतो आणि ओएईला तो दिसत नाही.

त्याहून टोचणारी गोष्ट नियमांतच आहे. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीच्या आजारांच्या यादीत कॉक्लिअर इम्प्लांटपुढे कंसात ‘वय वर्षे २ ते ६’ असं लिहिलेलं आहे. औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं २०२० मध्ये एका कंपनीच्या इम्प्लांटला नऊ महिन्यांच्या बाळापासून मान्यता दिली. आमच्याकडे निदान वेळेत झालं, आई-वडील धावपळ करून वर्षाच्या आत कागदपत्रं घेऊन आले, तरी त्यांना दुसऱ्या वाढदिवसाची वाट बघायला लावणारी ओळ कुठल्याही संशोधनाच्या आधारावर टिकत नाही. मेंदुज्वरानंतर बहिरं झालेल्या मुलाच्या बाबतीत तर ती घातकच आहे. मेंदुज्वरानंतर कॉक्लिआच्या पोकळीत हाड धरू लागतं, काही आठवड्यांतच इलेक्ट्रोड शिरायला जागा उरत नाही. अशा मुलाची फाइल रांगेत ठेवायची नसते. ही वयाची अट बदलायला एका शासन निर्णयाची गरज आहे, आणि विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सहसा नागपुरातच भरतं.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे मॅपिंगकडे, त्या मुलाच्या कानाप्रमाणे यंत्राच्या पातळ्या बसवण्याकडे. प्रत्येक इलेक्ट्रोडला दोन पातळ्या ठरवाव्या लागतात: जेमतेम जाणवेल इतका विद्युत प्रवाह आणि मोठा वाटेल पण त्रास होणार नाही इतका. २२ इलेक्ट्रोड म्हणजे ४४ आकडे. प्रौढ माणूस ‘आता ऐकू आलं, आता जास्त झालं’ असं सांगू शकतो. वर्षाचं बाळ सांगत नाही. ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, त्याच्या चेहऱ्यावरून, खेळ थांबण्यावरून, डोळे वळण्यावरून अंदाज बांधावा लागतो. नसेचा प्रतिसाद संगणकावर मोजता येतो, पण तो दिशा दाखवतो, नेमका आकडा देत नाही. म्हणून पहिला मॅप मुद्दाम कमी पातळीवर ठेवतात आणि हळूहळू वाढवत नेतात. पहिले दोन-तीन महिने दर एक-दोन आठवड्यांनी, मग महिन्यानं, मग तीन-सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एक-दोनदा आयुष्यभर. इलेक्ट्रोडभोवती ऊती जमतात, विजेला होणारा विरोध (इम्पीडन्स) बदलतो, एखादा इलेक्ट्रोड बंद पडतो, एखाद्यामुळे चेहऱ्याची नस उत्तेजित होऊन डोळा लवतो. तेवढा एक इलेक्ट्रोड बंद केला की प्रश्न सुटतो, पण आधी तो कुणीतरी शोधावा लागतो.

स्विच ऑन झाल्यावर जे मूल सहा महिने आणलंच जात नाही, ते त्या पहिल्याच, मुद्दाम कमी ठेवलेल्या मॅपवर राहतं. त्याला दार आपटलेलं कळतं, आईचं बोलणं कळत नाही. घरचे म्हणतात, मशीन काही कामाची नाही. उलट पातळी जास्त झाली असेल तर पोरगं कॉइल उपटून फेकतं आणि घरचे म्हणतात, हट्टी आहे, लावूच देत नाही जी. कॉइल फेकणं ही बहुतेक वेळा त्याची तक्रार असते. शिकलेला ऑडिओलॉजिस्ट ती तक्रार वाचतो आणि मॅप उघडतो. त्याच्यापर्यंत पोचायला मात्र गडचिरोलीहून पावणेदोनशे किलोमीटर यावं लागतं, आणि भामरागड-सिरोंच्याच्या माणसाला त्याच्या दुप्पट. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे हे चांगलंच आहे. पण धानाच्या रोवणीच्या दिवसांत दोन दिवसांची रोजी बुडवून, कडेवर एक आणि घरी दोन लेकरं ठेवून महिन्यातून दोनदा नागपूर गाठायचं हे किती आयांना जमणार? जी आई येऊ शकत नाही तिला ‘निष्काळजी’ ठरवून फाइल बंद करणं मला अन्यायाचं वाटतं.

यंत्र नीट चाललं आहे का हे घरी रोज तपासायची एक सोपी पद्धत आहे. डॅनियल लिंग यांनी सुचवलेले सहा आवाज: म, ऊ, आ, ई, श, स. ‘म’ आणि ‘ऊ’ खालच्या पट्टीत, ‘श’ आणि ‘स’ वरच्या. या सहांत बोलण्याची सगळी पट्टी येते. सकाळी यंत्र लावल्यावर आईनं मुलाच्या मागे, हातभर अंतरावर बसायचं आणि नेहमीच्या आवाजात एकेक काढायचा. तोंडावर हात धरायचा नाही, कारण हातानं वरच्या पट्टीचे आवाज अडतात. लहान मूल वळून बघेल, मोठं मूल डब्यात मणी टाकेल किंवा तोच आवाज काढून दाखवेल. दोन आवाजांमधलं अंतर दर वेळी वेगळं ठेवायचं, नाहीतर पोरं ताल ओळखतात. काल ‘स’ कळत होता आणि आज नाही, तर आधी मायक्रोफोनची जाळी बघायची, मग केबल, मग मॅपिंगची तारीख. हे सगळं दोन मिनिटांत होतं. अंगणवाडी सेविकेला हे एका दुपारी शिकवता येतं, आणि तिला ते शिकवलं पाहिजे.

‘स’वर इतका भर का? मराठीत तो एकटा बरंच काम करतो. ‘गेला’ आणि ‘गेलास’, ‘जेवतो’ आणि ‘जेवतोस’, ‘केलं’ आणि ‘केलंस’ यांत कुणाबद्दल बोलणं चाललंय ते शेवटच्या त्या हलक्या ‘स’वरून ठरतं. ‘ने, ला, शी, त’ हे प्रत्ययही शब्दाच्या टोकाला, दबक्या आवाजात येतात. वरच्या पट्टीचा आवाज पोचत नसेल तर मूल नुसते शब्द गोळा करतं, वाक्य जुळत नाही, आणि शाळेत त्याला ‘मंद’ हा शिक्का बसतो. थेरपीचं साहित्य परभाषेतून उचलून वापरलं तर हे टिपलंच जात नाही. क-ख, प-फ, त-थ यांचा फरक, ‘ळ’, ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले दोन वेगळे ‘च’, हे सगळं मराठीच्या अंगानं तपासणाऱ्या शब्दयाद्या प्रत्येक केंद्राच्या टेबलावर हव्यात. मेळघाटातल्या घरी कोरकू आणि गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी बोलली जात असेल, तर पहिली भाषा तीच. ज्या भाषेत आई दिवसभर बोलते, त्याच भाषेत मूल ऐकायला शिकतं. थेरपिस्टच्या सोयीसाठी घराला मराठीवर आणणं म्हणजे मुलाला मिळणारं बोलणं अर्ध्यावर आणणं.

मग येतात किरकोळ वाटणारे सुटे भाग. मला हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कॉइलची केबल आतून तुटते, बाहेरून शाबूत दिसते. प्रोसेसर मध्येच बंद, मध्येच सुरू. किंमत काही हजार रुपये. रोजमजुरीच्या घरात ते काही हजार जमेपर्यंत दोन-तीन महिने लाखो रुपयांचं यंत्र कपाटात राहतं, आणि तेवढ्या काळात मुलाचा यंत्र लावायचा सराव मोडतो. मायक्रोफोनवरची जाळी धुळीनं बुजते. ती साधारण तीन महिन्यांनी बदलायची असते. बुजली की आवाज एकदम जात नाही, हळूहळू मंदावतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. आतल्या भागाची वॉरंटी सहसा दहा वर्षांची, प्रोसेसरची तीन ते पाच. पुढे काय, याचं उत्तर केरळनं अनुभवलं आहे. तिथं श्रुतितरंगम योजनेतून शेकडो मुलांना इम्प्लांट मिळाले. काही वर्षांनी प्रोसेसर जुने झाले, त्या मॉडेलचे भाग मिळेनासे झाले आणि बोलायला लागलेली मुलं पुन्हा शांततेत जाण्याची वेळ आली. सरकारला नव्यानं पैसे काढावे लागले. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेच्या २०१४ च्या नियमांत एका इम्प्लांटला ६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली, ते मोठं पाऊल होतं. पण सहा लाखांचं यंत्र चार हजारांच्या केबलसाठी बंद पडू देणारी व्यवस्था काटकसरीची म्हणता येत नाही.

नागपूरच्या हवेचाही विचार करायला हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि घराघरात कूलर दिवसरात्र चालतो. कूलरमुळे दोन गोष्टी होतात. पहिली, खोलीतली आर्द्रता वाढते. कानामागच्या मशीनच्या मोल्डची, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याची, नळी उजेडात धरून पाहिली तर आत पाण्याचा बारीक थेंब अडकलेला दिसतो. तेवढ्या एका थेंबानं वरच्या पट्टीचा आवाज बंद होतो. हवेचा छोटा फुगा मिळतो, त्यानं नळी फुंकायची. तोंडानं फुंकू नये, तोंडाच्या हवेत वाफ असते. रात्री यंत्र सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवायचं. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली असं समजायचं आणि दाणे सुकवून घ्यायचे. वापरून फेकायचे झिंक-एअर सेल मात्र डब्यात ठेवू नयेत, ते कोरडे पडून लवकर संपतात.

कूलरची दुसरी अडचण म्हणजे आवाज, आणि ती मोठी आहे. इम्प्लांट किंवा मशीन लावणाऱ्या मुलाला बोलणं समजायला ते आजूबाजूच्या आवाजापेक्षा १५ डेसिबलच्या आसपास मोठं असावं लागतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं घटतो. स्वयंपाकघरातून आईनं मारलेली हाक कूलर चालू असताना त्या मुलासाठी नसल्यासारखीच. म्हणून दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास कूलर बंद करून, मुलाला जवळ घेऊन बोलायचं. एरवी कूलर मुलाच्या बसण्याच्या जागेपासून लांबच्या खिडकीला लावायचा. शाळेत पत्र्याचं छप्पर, कर्कश पंखा आणि साठ पोरांचा गलका असेल तर मूल पहिल्या बाकावर बसवूनही पुरत नाही. शिक्षकाच्या गळ्यात अडकवायचा रिमोट मायक्रोफोन त्याच्या आवाजातलं अंतर जवळजवळ मिटवतो. समग्र शिक्षाच्या साहित्ययादीत तो हक्कानं असायला हवा.

इम्प्लांटचा एवढा गाजावाजा होतो की साधी मशीन मागेच पडते, आणि ती लागणारी मुलं तर कितीतरी जास्त. शिबिरात कानामागची मशीन वाटतात, तिचा मोल्ड जागेवर घेतलेला नसतो, सेटिंग सगळ्यांना एकच. मशीन प्रत्येक कानाच्या ऑडिओग्रामप्रमाणे, लहान मुलांसाठी डीएसएल किंवा नाल या सूत्रानं बसवायची असते आणि कानात बारीक नळीचा मायक्रोफोन सारून खरोखर किती आवाज पोचतो ते मोजायचं असतं. बाळाचा कान वाढतो, त्यामुळे पहिल्या वर्षात मोल्ड दर दोन-तीन महिन्यांनी बदलावा लागतो. मोल्ड सैल झाला की मशीन शिटी मारते, शिटी थांबावी म्हणून घरचे आवाज कमी करतात, आणि मुलाला ऐकू येणं बंद. ही साखळी मोल्डच्या शंभर-दोनशे रुपयांच्या मसाल्यानं तुटते. शिवाय कायद्याचीही एक फट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऐकू कमी येणं दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून धरलं आहे. जागतिक आरोग्य संघटना चांगल्या कानात ३५ डेसिबलच्या पुढे पुनर्वसनाची गरज मानते. पन्नास डेसिबलची तूट असलेलं मूल वर्गातलं बहुतेक बोलणं गमावतं, पण त्याला प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून मशीनही नाही.

मोठ्या माणसांबद्दल थोडक्यात. २०२३ च्या ‘अचीव्ह’ चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांत मशीन देण्याचा स्मरण-विचारशक्तीवर सरसकट फरक दिसला नाही, पण ज्यांना ऱ्हासाचा धोका आधीच जास्त होता त्या गटात तीन वर्षांत ऱ्हास ४८ टक्के कमी झाला. मशीननं स्मृतिभ्रंश टळतो अशी जाहिरात कुणी करत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. माणसांत बसणं, फोनवर बोलणं सुरू राहतं, एवढं कारण मशीन घ्यायला पुरेसं आहे. बोलायला शिकल्यानंतर बहिऱ्या झालेल्या तरुणांना इम्प्लांटचा फायदा झपाट्यानं होतो आणि नेमक्या त्यांनाच बालकांच्या योजनांत जागा नाही. याचा स्वतंत्र विचार व्हायला हवा.

या मांडणीवर पहिला आक्षेप पैशांचा असतो. पैसा मर्यादित आहे, देखभालीवर घालवला तर शस्त्रक्रिया कमी होतील, काही मुलं वंचित राहतील. आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर सोपं नाही. पण कपाटात पडलेला इम्प्लांट कुणालाच वाचवत नाही. त्या मुलाची आयुष्याची ती पहिली वर्षं शस्त्रक्रियेच्या आशेवर गेली आणि हाती काहीच आलं नाही. दहाऐवजी नऊ मुलांना इम्प्लांट देऊन नऊही बोलती झाली तर मी तो हिशेब स्वीकारेन, आणि दहावं मूल का राहिलं हे जाहीरपणे विचारेन.

दुसरा आक्षेप बधिर समाजातून येतो: सगळ्या बहिऱ्या मुलांना ‘दुरुस्त’ करायचा हा आग्रह कशाला, भारतीय सांकेतिक भाषा आहेच ना? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. संकेतभाषेमुळे बोलण्याला अडथळा येतो का, यावर संशोधकांत वाद आहे. २०१७ मधला ॲन गीर्स यांचा अभ्यास बोलण्याच्या बाजूनं झुकतो, त्याच्या पद्धतीवर इतरांनी आक्षेप घेतलेत. ज्यावर वाद नाही ते असं: पहिली पाच वर्षं कुठलीच भाषा न मिळालेल्या मुलाचं नुकसान भरून येत नाही. म्हणून ज्याचं निदान चौथ्या वर्षी झालं, ज्याची श्रवणनसच नीट घडलेली नाही, जो इम्प्लांटच्या रांगेत आहे, त्याला संकेतभाषा त्याच दिवसापासून द्यावी. इम्प्लांटला ‘अपयश’ आल्यावर शेवटचा उपाय म्हणून ती दाखवणं हा त्या भाषेचाही अपमान आणि मुलाचंही नुकसान. विशेष शाळांतल्या बधिर शिक्षकांना पालकांसमोर पहिल्या महिन्यातच बसवायला हवं.

करायचं काय, ते फार अवघड नाही. इम्प्लांट खरेदीच्या निविदेतच दहा वर्षांच्या प्रोसेसर-देखभालीचा दर मागवावा: दर वर्षी दोन केबल, एक कॉइल, जाळ्यांचे चार संच, आणि सहाव्या-सातव्या वर्षी नवा प्रोसेसर. ज्या कंपनीकडे हे नाही तिचा कमी दर हा खरा कमी दर नव्हेच. नागपुरात एका ठिकाणी उसने प्रोसेसर ठेवावेत. दुरुस्तीला गेलेल्या यंत्राच्या बदल्यात, मुलाचा मॅप भरून, त्याच दिवशी मिळतील असे. दूरस्थ मॅपिंगला अमेरिकेत २०१७ मध्येच मान्यता मिळाली; लॅपटॉप, प्रोग्रॅमिंगची केबल, बऱ्यापैकी इंटरनेट आणि मुलाजवळ बसलेला एक प्रशिक्षित माणूस एवढं पुरतं. चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ही सोय केली की नागपूरची फेरी वर्षातून दोनवर येईल. पहिलं स्विच ऑन आणि गुंतागुंतीची मुलं मात्र प्रत्यक्षच बघावीत. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातली थेरपिस्टची पदं कंत्राटी आणि रिकामी ठेवून यातलं काहीच होणार नाही. श्रवण-वाचा पदविका केलेल्या, जिल्ह्याची बोली बोलणाऱ्या तरुणांना तिथं कायम नेमावं.

आणि मोजमाप. आजचे प्रोसेसर रोज किती तास लावले, कॉइल किती वेळा सुटली, किती वेळ बोलण्यात आणि किती गोंगाटात गेला, हे सगळं स्वतःच नोंदवून ठेवतात. ऑडिओलॉजिस्ट यंत्र संगणकाला जोडतो तेव्हा तो आलेख समोर येतो. चार तासांचा आकडा दिसला की त्या घरी काहीतरी बिनसलंय: केबल, मॅप, आजीची भीती, शाळेतली चिडवाचिडवी. निधी देणाऱ्यांनी प्रत्येक केंद्राकडून दर वर्षी एवढंच मागावं: रोजचे सरासरी तास, ऐकण्याची पायरी दाखवणारा कॅप गुण, आणि संपर्क तुटलेल्या मुलांची संख्या. नावं नकोत, फक्त आकडे, आणि तेही जाहीर.

बारीकसारीक खर्चासाठी नवी योजना यायची वाट बघायचीही गरज नाही. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. दोन कानांना दोन मशीन लावणाऱ्या मुलाला तेरा नंबरचा, नारिंगी स्टिकरचा सेल लागतो. एक सेल दहा दिवसांच्या आसपास चालतो, म्हणजे दोन्ही कानांना वर्षाला ७२, सहा-सहाची बारा पाकिटं. दोन-तीनशे रुपयांचं पाकीट धरलं तरी वर्षाचा खर्च तीन हजार सहाशेच्या पुढे जात नाही. अर्जाला जोडायचं ते दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड, ऑडिओलॉजिस्टच्या सहीचा मशीनचा तपशील आणि दुकानाचं दरपत्रक. अर्ज ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यायचा, पोच घ्यायची आणि सेल तीन-तीन महिन्यांच्या हप्त्यानं मागायचे. एकदम वर्षाचे घेतले तर उन्हाळ्यातल्या साठवणीत त्यांची ताकद घटते.